मुरमाची दरड

आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. मूळ कंपनी परदेशातली, त्यामुळं कॅलेंडरही तिकडूनच यायचं. त्यात तिथी नाही, चतुर्थी नाही, दूधवाल्याचा खाडा लिहायला जागा नाही. नुसती चित्रं. बायका त्याच्याकडं फारशा बघायच्या नाहीत. सुट्टी कधी हे बघायला आम्हाला कॅलेंडर लागायचंच नाही. चाकणच्या या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याला गुरुवारी सुट्टी, एवढं पाठ असलं की झालं.

सप्टेंबर संपायच्या आधीच कुणीतरी पान उलटलं आणि ऑक्टोबरचं चित्र वर आलं. एक डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि त्या झाडांत हिरवं काही नाही. लाल, शेंदरी, पिवळी, मधेच एखादं तपकिरी. रस्त्यावर पानांचा सडा. गाडी नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही.

मावशी डबा हातात धरून त्या चित्रापुढं उभ्या राहिल्या. अगदी नाक टेकेल इतक्या जवळ. मागं पाण्यासाठी बायकांची रांग खोळंबली. कुणीतरी म्हणालं, मावशी, आता त्यात शिरता का काय. मावशी हसल्या नाहीत. जेवायला बसल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "असं कुठं जवळपास हाय का गं? तू जंगलातली. तुला ठाव असंल."

मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत. पण त्या कोण, हे सांगायचं तर मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी आठवी शिकलेली. पांढरकवड्याच्या पलीकडं, सागाच्या जंगलाला लागून आमचं गाव. नववीची शाळा लांब होती आणि मधे नाला होता. पावसाळ्यात नाला भरला की शाळा बुडायची. एका पावसाळ्यात सलग तीन आठवडे बुडाली, त्यानंतर मी गेलेच नाही. घरात कुणी जा म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. एकोणिसाव्या वर्षी गावातल्या पाच-सहा मुलींबरोबर ठेकेदाराच्या गाडीत बसून मी चाकणला आले. त्या मुलींपैकी आता इथं एकही नाही. काहींची लग्नं झाली, काही कंटाळून गेल्या. मी टिकले ते मावशींमुळं. हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे.

आमची कंपनी हार्नेस बनवते. मोटारीच्या आत वायरींचं जे जाळं पसरलेलं असतं, दिव्यापासून हॉर्नपर्यंत, त्याला हार्नेस म्हणतात. समोर आडवा बोर्ड असतो, त्यावर खुंट्या. ठरलेल्या रंगाची वायर ठरलेल्या खुंटीवरून न्यायची आणि ठरलेल्या भोकात बसवायची. एक रंग चुकला तर डावा दिवा लावल्यावर उजवा लागेल. पहिल्या दिवशी माझ्या हातात रंगांचा कागद दिला. त्यावर दोन-दोन इंग्रजी अक्षरं. तपकिरीची अक्षरं कुठली आणि काळ्याची कुठली, मला काही केल्या लक्षात राहीना. दुपारपर्यंत माझे चार बोर्ड परत आले. मी खाली मान घालून रडत होते, पण हात थांबवायचीही भीती वाटत होती, म्हणून रडत रडत टेप गुंडाळत होते.

शेजारच्या बोर्डावरच्या बाईंनी, म्हणजे मावशींनी, माझा कागद काढून घेतला आणि घडी घालून आपल्या ॲप्रनच्या खिशात ठेवला. "अक्षरं सोड," त्या म्हणाल्या. "सैपाकघरात आलीयस असं समज."

पिवळ्यावर लाल रेघ, ते हळद-कुंकू. पांढऱ्यावर हिरवी रेघ, गजरा. हिरव्यावर पांढरी, पडवळ. जांभळी म्हणजे वांगं, तपकिरी म्हणजे गूळ, करडी म्हणजे चुलीतली राख. गुलाबीला त्या बत्तासा म्हणायच्या. ही नावं त्यांनीच पाडलेली, आणि सगळी लाईन तीच वापरायची. "ए, वांगं संपलं" अशी हाळी आली की स्टोअरवाला जांभळ्या वायरींचा जुडगा घेऊन यायचा. आठवड्याभरात माझा एकही बोर्ड परत येईना.

दोन महिन्यांनी मला ताप भरला. आम्ही आठजणी एका खोलीत राहायचो, पाणी एक दिवसाआड. मावशी आल्या, माझी पिशवी उचलली आणि मला आपल्या स्कूटीवर मागं बसवून चाकण गावातल्या त्यांच्या घरी घेऊन गेल्या. म्हणाल्या, बरी होईस्तोवर मागच्या खोलीत पड. मी तिथं राहिले ती राहिलेच. त्यांचे मालक वारलेले, लेक लग्न होऊन संगमनेरला. दोन ताटं वाढायची त्यांची सवय मोडली नव्हती, एवढंच त्या सांगायच्या. वर कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

मावशी मूळच्या दिघीच्या. लष्कराच्या तारेच्या कुंपणापलीकडं दिसणारी बाभळीची रानं, एवढंच त्यांनी पाहिलेलं जंगल. त्यामुळं माझं गाव म्हणजे त्यांना फार मोठी गोष्ट वाटायची. "वाघ बघितलास का?" असं त्या मला वर्षातून दोनदा तरी विचारायच्या, आणि नाही म्हटलं की त्यांना माझाच अपमान झाल्यासारखं वाटायचं.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. साखर जुनीच होती. डॉक्टर म्हणाले, पडद्यात रक्त उतरतंय. पिंपरीला दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागायची, मी बरोबर जायची. आकार दिसायचे, माणूस ओळखू यायचा, भाकरी थापता यायची, पण रंग एकमेकांत शिरायला लागले होते. गूळ आणि वांगं त्यांना सारखंच दिसायचं. हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. त्या वायर उचलून किंचित माझ्याकडं धरायच्या आणि मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, पडवळ. गजरा. राख. त्यांनी कधी परत विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं की वायर भोकात गेलेली असायची. वर्षभर आम्ही असं काम केलं, आणि त्या वर्षात आमच्या दोन्ही बोर्डांत एकही चूक निघाली नाही. मला रोज भीती वाटायची. भीती वाटणं हा माझा स्वभावच आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यावरून दोनदा परत जाते. पण या एका कामाची मला भीतीबरोबर थोडी ऐटही वाटायची. त्यांनी मला दिलेलेच रंग मी त्यांना परत देत होते.

त्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे ते टिकलं तर टिकलं.

"मला येकदा कायतरी असं बघायचंय," दवाखान्यातून घरी परतल्यावर मावशी म्हणाल्या, "जे कामाचं न्हाई. तसा रस्ता. दोघीच जाऊ. कुणाला सांगायचं न्हाई, कुणाला बरोबर घ्यायचं न्हाई, आन् तिथं गेल्यावर बडबड करायची न्हाई."

आता मी केलेली चूक सांगते. माझ्या गावात पानगळ कधी होते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. माघ सरता सरता साग झडायला लागतो, आणि होळीपर्यंत जंगलात पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. पळस पेटतो तोही तेव्हाच. कुसुमाचं झाड लाल होतं तेही तेव्हाच. हे मी लहानपणी दरवर्षी पाहिलेलं. पण कॅलेंडरवर ऑक्टोबर लिहिलं होतं. छापलेलं होतं. शाळा सुटलेल्या माणसाला छापलेल्या गोष्टीचा किती धाक असतो, ते शिकलेल्यांना कळायचं नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. आमच्याकडचं जंगल मागासलेलं, उशिरा झडत असेल. इकडं सगळं लवकर होतं. म्हणून मी हो म्हणून टाकलं. आणि मावशींनी विचार केला की पोर जंगलातली आहे, ती हो म्हणतेय म्हणजे असणारच. असा दोघींनी एकमेकींवर भार टाकला.

आम्ही पंधरा दिवस बेत करत होतो. तसे सुखाचे दिवस माझ्या वाट्याला पुन्हा आलेले नाहीत. संध्याकाळी भाजी निवडता निवडता बेत चालायचा. रस्ता कुठला, हा पहिला प्रश्न. मावशी श्रावणात एकदा भीमाशंकरला गेल्या होत्या, तिथं झाडी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून राजगुरुनगरवरून चासकडं, धरणाच्या कडेनं वर, आणि झाडं दिसली की थांबायचं. देवाला जायचं नाही. यावर त्या थोड्या अडखळल्या. इतक्या लांब जायचं आणि देवाला न जाता परत यायचं हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मग म्हणाल्या, लांबूनच हात जोडू, त्याला कळतंय.

स्कूटी मी चालवायची. ती मला त्यांनीच शिकवली होती, डोळे बरे होते तेव्हा, कंपनीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली. हवा, पेट्रोल, डोळ्यांचे थेंब, काळा चष्मा, साखर एकदम उतरली तर गूळ, पंक्चरवाल्याचा नंबर, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशव्या कशाला, असं मावशींनी विचारलं. एक बसायला आणि एक पाऊस आला तर डोक्यावर. मावशी म्हणाल्या, "तू सहलीला निगालीस का लढाईला?" मी यादीत टॉर्चही लिहिला होता. तो त्यांनी खोडायला लावला.

गुरुवारी सकाळी सात वाजता निघालो. चपात्या, लसणाची चटणी, थर्मासमधे बिनसाखरेचा चहा. मावशींनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. मागं बसून त्या सारख्या सूचना देत होत्या. उतारावर पुढचा ब्रेक दाबू नको. ट्रकला पुढं जाऊ दे, त्याला घाई हाय, आपल्याला न्हाई. एकदा म्हणाल्या, "गाडी चालवतीस का शेळ्या हाकतीस गं?" आणि मी जरा वेग वाढवला की माझा खांदा घट्ट धरायच्या. राजगुरुनगर मागं पडलं तशा त्या गप्प झाल्या. चास ओलांडलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं.

सगळं हिरवं होतं.

भात पिवळा पडत होता, बांधावरचं गवत वाळायला लागलं होतं, तेवढं सोडलं तर एकूण एक झाड हिरवंगार. पावसानं नुकतंच धुऊन ठेवल्यासारखं. मला पहिल्या वळणावरच समजलं. समजल्याबरोबर सगळं एकदम आठवलं, माघ, होळी, पापडासारखा आवाज. पण मी गाडी चालवत राहिले. वाटलं, पुढं असेल. एखादं तरी झाड चुकून पिवळं झालं असेल. एक तरी दाखवता येईल.

अशी बरीच वर गेले. एका वळणावर मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारली. थांब, थांब म्हणाल्या. गाडी कडेला लावली. दरीच्या पलीकडं, समोरच्या डोंगरावर रस्ता रुंद करायला जेसीबीनं डोंगर कापला होता. लालभडक मुरमाची दरड उभी सोललेली. वर-खाली झाडी आणि मधे तो लाल पट्टा.

मावशींनी काळा चष्मा कपाळावर चढवला. डोळे बारीक केले. त्यांचा हात माझ्या दंडावर होता.

"ते लाल," त्या म्हणाल्या. "तीच का गं?"

त्या क्षणी खरं बोलायला किती वेळ लागला असता? मी नंतर पुष्कळदा मोजून पाहिलाय. मावशी, ती माती आहे. चार शब्द. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. आणि या माणसाला मी आजवर काही म्हणजे काही दिलेलं नव्हतं.

"होय मावशी," मी म्हणाले. "तीच."

"पिवळी बी हायती का मदी?"

"आहेत. हळद-कुंकू आहे सगळं."

त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या, मी पिशवी अंथरायच्या आत. अर्धा तास बसल्या. ठरल्याप्रमाणं एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसून चहा ओतला आणि त्या मुरमाकडं बघत राहिले. वाऱ्यानं समोरच्या फांद्या हलल्या की मला धडकी भरायची, कारण मधला लाल पट्टा तेवढा हलत नव्हता. उठताना त्यांनी लांब डोंगराच्या दिशेनं हात जोडले. येताना मागं बसून काहीतरी गुणगुणत होत्या.

कुणाला सांगायचं नाही हे त्यांचंच. पण आनंद झालेल्या माणसाला ते कुठं जमतं? शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्या कॅलेंडरखाली उभ्या राहून सांगायला लागल्या. आमी बी बघून आलो म्हणाल्या. हे असंच, डोंगरच्या डोंगर लाल. बायका ऐकत होत्या. कुणी हसलं. आमच्या लाईनीवरची एकजण राजगुरुनगरच्या पश्चिमेकडची, तिचं माहेर त्याच रस्त्यावर. वाईट मनाची नव्हती ती. तिनं आपलं सहज विचारलं, कुठं बघितलंत. मावशींनी वळणाचं नीट वर्णन केलं, धरण, पूल, पलीकडचा डोंगर.

"अहो मावशी, मी काल सुट्टीला तिकडंच होते की," ती म्हणाली. "रान हिरवंगार हाय. तिथं रस्त्याचं काम चालूय. मुरमाची दरड बघून आलात तुम्ही."

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, पण त्यांनी हसता हसता माझ्याकडं तोंड वळवलं. मी डब्याचं झाकण लावत होते. पलीकडच्या टेबलावर लाईन लीडर जेवत होता. तो हसला नाही. जेवता जेवता थांबला आणि मावशींकडं बघत राहिला. लाल माती आणि लाल झाडं ज्या माणसाला वेगळी ओळखता येत नाहीत, ते माणूस आपल्या लाईनीवर दिवसभर काय करतं, हा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू झालेला मला दिसला.

शनिवारी सकाळी तो वायरींचे पाच-सहा तुकडे मुठीत घेऊन आला. आवाज न चढवता म्हणाला, मावशी, जरा हे रंग सांगा. त्याचंही चूक म्हणता येणार नाही. उद्या कुणाच्या तरी गाडीचा ब्रेकचा दिवा लागला नाही तर जाब त्यालाच. त्यानं पहिला तुकडा धरला. गजरा होता. मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मग नेहमीसारखा किंचित माझ्या बाजूला कलवला.

मी चार पावलांवर होते. लीडर माझ्याकडं बघत होता. त्या महिन्यात मला कायम करून कंपनीच्या पटावर घेण्याची गोष्ट चालली होती, माझं नाव यादीत होतं. मी ओठ हलवले नाहीत. खाली मान घालून टेप गुंडाळत राहिले, पहिल्या दिवसासारखी.

मावशींनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या, "पडवळ."

पुढचे तुकडे त्यानं दाखवलेच नाहीत. मावशींना बोर्डावरून उठवलं आणि कायमचं घरी पाठवलं.

मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. त्या दुपारी मी घरी आले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून कांदा चिरत होत्या. बोटांनी चाचपून, सावकाश. मी दारातच उभी राहिले. मग पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "दरडच व्हती ना ती?"

मी हो म्हणाले.

"मंग सांगायचं की गं," त्या म्हणाल्या. "मी हिरवं बी बघितलं असतं."

त्यांनी तो कांदा चिरून संपवला, ताट माझ्याकडं सरकवलं आणि फोडणी तू दे म्हणाल्या. दोन ताटं वाढली. रोजच्यासारखे जेवलो.

दिवाळीनंतर त्यांची लेक येऊन त्यांना संगमनेरला घेऊन गेली. तोवर दुसऱ्या डोळ्यातही रक्त उतरलं होतं. जाताना त्यांनी दोन पातेली, पोळपाट आणि मालकांचा फोटो एवढंच नेलं. स्कूटीची किल्ली खिळ्यावर तशीच ठेवली आणि लेकीला म्हणाल्या की ती पोरीची हाय. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. तिला काय काय माहीत होतं मला ठाऊक नाही. ती मला म्हणाली, तुम्ही आईचं फार केलंत. मी तिच्या पाया पडले. ती माझ्यापेक्षा फार मोठी नाही. तिला ते विचित्रच वाटलं असणार.

जानेवारीत मला पटावर घेतलं. आता मी नव्या मुलींना शिकवते. त्यांना मी हळद-कुंकू, गजरा, पडवळ असंच सांगते. लाईनीवर निम्म्या जणींना ही नावं कुणी पाडली ते माहीत नाही.

होळीच्या आधीच्या गुरुवारी मी एकटीच निघाले. या वेळी यादी केली नाही. चास गेलं, धरणाचं पाणी खाली गेलेलं. रान असं मोकळं झालं होतं की डोंगराची हाडं दिसत होती. साग पूर्ण झडलेला. सडा रस्त्यावर आलेला, गाडीचं चाक गेलं की तोच आवाज, गावाकडचा. ते वळण आलं. दरडीला आता सिमेंटची भिंत घातलीय, लाल काही उरलेलं नाही. आणि त्या भिंतीच्या बरोबर वर, जिथं ऑक्टोबरात हिरव्यात हिरवं मिसळलेलं होतं, तिथं कुसुमाची तीन झाडं उभी होती. नखशिखांत लाल. उन्हात पेटल्यासारखी.

त्याच दगडावर बसून मी फोन लावला. मावशींनी उचलला. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

मी म्हणाले, मावशी, मी त्या वळणावर आहे. मी सांगत सुटले. आपण चार महिने लवकर आलो होतो, माझंच चुकलं, मला माहीत होतं आणि तरी मी कॅलेंडरचं ऐकलं. साग झडलाय. आणि तीन झाडं आहेत, लाल. ही गळायची पानं नाहीत, कोवळी आहेत, कुसुमाला नवी पालवीच लाल फुटते.

"कसं लाल?" त्यांनी विचारलं.

मी रंगांची नावं शोधू लागले. हळद-कुंकू नव्हतं ते, गूळही नव्हता. आमच्या लाईनीवर तसली वायरच नाही. मग सुचलं.

"वायर सोलल्यावर आत निघतं ना, मावशी," मी म्हणाले. "वरनं कुठल्याही रंगाची असो. आतलं तांबं. तसं."

मला वाटलं त्यांना दिसलं असेल. ते तांबं त्यांच्या बोटांतून वर्षानुवर्षं गेलेलं.

मग त्या म्हणाल्या, "खरं ना गं?"

शेजारी शेजारी काम केलं तेव्हा दिवसाला शेकडो वायरी त्यांनी माझ्या शब्दावर बसवल्या होत्या. हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. अनोळखी दुकानदाराला भाजी ताजी आहे ना विचारावं तसा साधा प्रश्न होता.

"खरं," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "येताना उतारावर पुढचा ब्रेक दाबू नको."